पाळणाघरवाल्या काकूंना बिल्डिंगमधून घालवू नका

संपादक, सप्रेम नमस्कार,

दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या पेपरात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं, घरात आजी-आजोबा असताना पोरांना पाळणाघरात टाकायची वेळ का येते असं त्यांनी विचारलं होतं. पत्र तळमळीनं लिहिलेलं होतं म्हणून राग नाही आला, पण तो 'टाकायची' शब्द मात्र लागला. मी डोंबिवली पूर्वेला राहते, लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, लेक सव्वा वर्षाची झाली. गेले नऊ महिने आमच्या घरात दुसरा विषयच नाहीये, हिला दिवसभर कोण बघणार. आणि आता कुठे जरा घडी बसली तर ती ज्या पाळणाघरात जाते ते बंद करायचा ठराव आमच्याच सोसायटीच्या मीटिंगला येतोय. म्हणून लिहितेय, लांबलं तर मधलं कापा पण शेवटचा भाग ठेवा प्लीज.

आधी रजेचं सांगते. २०१७ साली कायदा बदलला आणि बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, पहिल्या दोन मुलांसाठी. त्याचा मला फायदाच झाला, ते नाकारत नाही. माझ्या मोठ्या बहिणीला तिच्या वेळी अडीच-तीन महिन्यांत कामावर जावं लागलं होतं, ती ऑफिसच्या बाथरूममध्ये दूध पिळून टाकून द्यायची आणि घरी बाळाला पावडरचं. तर २६ आठवडे म्हणजे सहा महिने, पण त्यातले तीन आठवडे मी आधीच घेतले कारण शेवटी शेवटी डोंबिवलीला गाडीत चढणंच होईना, म्हणजे लेक सव्वापाच महिन्यांची असतानाच रजा संपली. डॉक्टर सांगतात पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, आणि इकडे उष्टावण व्हायच्या आधीच आई ऑफिसात. मी साठवलेल्या रजा आणि थोडी बिनपगारी जोडून कसेबसे साडेसहा महिने केले. नवरा अंबरनाथला शिफ्टमध्ये आहे, त्याने स्वतःच्या रजेतले चार दिवस घेतले. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा असते, प्रायव्हेटमध्ये कायद्यानं एक दिवस पण नाही.

मग सगळ्यात आधी सगळे काय म्हणाले, तर सोड नोकरी, दोन वर्षांनी परत धर. घराचा हप्ता २७ हजार आहे आणि माझा पगार ४१ हजार, तेव्हा हा हिशोब पाच मिनिटांत संपला. पण पैशाचं बाजूला ठेवलं तरी मला माझं काम आवडतं हो. मार्चएण्डला शेवटची एंट्री जुळते ना तेव्हा जे वाटतं ते मला दुसऱ्या कशात वाटत नाही, आणि हे बोलायची पण चोरी असते, कारण लगेच ऐकावं लागतं की पोरीपेक्षा जास्त का. पोरीपेक्षा जास्त काहीच नाही. नवऱ्याला पण त्याचं काम आवडतं, त्याला कोणी असलं विचारत नाही एवढंच.

आता त्या पत्रातल्या आजींचं. माझ्या सासूबाई आल्या होत्या जून-जुलै, संगमेश्वरजवळचं आमचं घर, भातशेती, सासरे सगळं सोडून. ६४ वय, बीपीची गोळी, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांनी काय नाही केलं, मालिश, धुरी, नाचणी भिजवून मोड आणून दळून तिचं सत्त्व, सगळं. एकदा मी लवकर सुटून पाच वाजता घरी आले, तर सासूबाई ओट्याला एका हाताने धरून उभ्या, दुसऱ्या कडेवर पोरगी. खाली ठेवली की रडते म्हणून बारापासून तिला तशीच घेऊन होत्या. मला बघून फक्त म्हणाल्या आलीस, बरं झालं. रात्री कमरेला बाम चोळून देताना हळूच बोलल्या, लावणी आलीय गो घरी, एकटे काय करत असतील. त्या कधीच म्हणाल्या नसत्या की मला झेपत नाही, ते आम्हालाच कळायला हवं होतं. नात लाडाची असते म्हणजे दिवसाचे अकरा तास, आठवड्याचे सहा दिवस तिला उचलायची ताकद त्या अंगात असते असं नाही. त्या पत्रलेखक काकांना माझा एकच प्रश्न आहे, हे आजीला कोणी विचारतं का?

मग सासूबाई म्हणाल्या तिलाच तिकडे पाठवा वर्ष दोन वर्षं, दूध आहे अंगण आहे. कोकणातल्या कितीतरी घरांत असंच झालंय, आईबाप मुंबईला आणि पोरं गावी आजीकडे, काही वाईट झालं नाही त्यांचं. माझा नवरा स्वतः पहिली चार वर्षं आजोळी वाढला, आईबाप गिरणगावात एका खोलीत दहा माणसांत. पण तोच नको म्हणाला. त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच सांगितलं की तो लहानपणी आजीला आई म्हणायचा आणि सासूबाईंना 'मुंबयची आई', आणि त्या दर गणपतीला आल्या की पहिले दोन दिवस तो त्यांच्याजवळ जायचा नाही. हे सांगताना सासूबाई तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. तो विषय तिथेच संपला.

ऑगस्टपासून घरी बाई लावली. एजन्सीवाल्यांनी १८ हजार सांगितले वर एक महिन्याचं कमिशन, ते जमणारच नव्हतं. शेजारणीच्या ओळखीने एक ताई मिळाल्या, १२ हजार, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात. पोरगी त्यांच्याकडे छान रमली होती, मी खोटं बोलणार नाही. पण एक दिवस त्यांचा फोन बंद होता म्हणून त्यांच्या घरून माझ्या फोनवर कॉल आला, बारीक आवाज, आईला सांगा भावाला ताप आलाय. चौथीतली मुलगी. संध्याकाळी विचारलं तेव्हा कळलं की ताईंचं दोन वर्षांचं पोरगं हीच मुलगी सांभाळते. शाळा? जाते की, जमेल तशी, असं म्हणाल्या. म्हणजे माझ्या पोरीला बघायला ताई आणि ताईंच्या पोराला बघायला नऊ वर्षांची बहीण. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी विचारलं जवळ अंगणवाडी नाही का, तर आहे, पण सकाळी भरते आणि दुपारी सुटते, ताई घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, शिवाय तीन वर्षांच्या आतल्या मुलांना दिवसभर तिथे ठेवून घेत नाहीत, त्यांचा आहार घरी देतात. सप्टेंबरमध्ये त्या पोराला डेंग्यू झाला आणि ताईंनी काम सोडलं, आम्ही काय तोंडाने थांबा म्हणणार.

मला तेव्हा शाळेतल्या धड्यातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. आपण डहाणूच्या लोकलमध्ये बसून जातो त्याच पट्ट्यातली ही गोष्ट, १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पोरांसाठी काम केलं. मोठी मुलगी शाळेत का येत नाही तर कडेवर धाकटं भावंड असतं, हे त्यांनी बघितलं. मग त्यांनी काय केलं, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हे तिन्ही एकाच ठिकाणी एकत्र चालवलं, विकासवाडी म्हणायचे त्याला. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि मोठी तिथेच वर्गात. इतकी साधी गोष्ट. अंगणवाडी ही कल्पना पण त्यांचीच, नंतर २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारनं ती हळूहळू देशभर नेली. अंगणवाडी आली, पण दिवसभराचा पाळणा मागेच राहिला. आता केंद्राची 'पाळणा' नावाची योजना आहे, २०२२ पासून मिशन शक्तीमध्ये, अंगणवाडीतच पाळणाघर चालवायची, चांगलीच आहे ती, पण ताईंच्या वस्तीत आली असती तर ती मुलगी आज रोज शाळेत असती.

तुम्ही म्हणाल ऑफिसात पाळणाघर असतं ना. असतं, ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे २०१७ च्या त्याच बदलापासून पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. यातली एक गोष्ट मला फार पटते, ५० मध्ये सगळी माणसं मोजतात, फक्त बायका नाही. जुन्या कारखाना कायद्यात ३० पेक्षा जास्त बायका असतील तरच पाळणाघर असं होतं, मग मालक एकतिसावी बाई घेईल कशाला. तर आमच्या कंपनीनं पण कायद्याप्रमाणे सोय केलीय, परळलाच एका क्रेशशी टाय-अप आहे, मी जाऊन बघितलं, खरंच छान आहे. पण मी डोंबिवलीची. सव्वाआठच्या फास्टमध्ये सव्वा वर्षाचं मूल घेऊन कशी चढू? ज्या गाडीत पोटात बाळ होतं तेव्हा दारातूनच मागे फिरावं लागायचं, त्या गाडीत ते बाळ कडेवर घेऊन जाऊ, आणि परत संध्याकाळी? आमच्या ऑफिसातल्या दोघीच ती सोय वापरतात, एक दादरची आणि एक तिथेच परळची. बाकी आम्ही सगळ्या कल्याण, बदलापूर, विरार, पनवेल. आपल्याकडे पोट भरायची जागा एकीकडे आणि झोपायची दुसरीकडे, मधे दीड तास. पाळणाघर झोपायच्या जागेजवळ पाहिजे. कायद्यात तर असंही आहे की दोन-चार कंपन्या मिळून एकत्र सोय करू शकतात, मग ती डोंबिवली स्टेशनजवळ का नको, निदान तेवढे पैसे आईला घराजवळच्या पाळणाघरासाठी का नको देऊ?

स्टेशन रोडचं मोठं डे-केअर पण बघून आलो. महिना साडेतेरा हजार, ॲडमिशनचे पंधरा वेगळे, संध्याकाळी सातनंतर दर अर्ध्या तासाला २०० रुपये, आणि आमची मध्य रेल्वे तुम्हाला माहीतच आहे. भिंतीवर चित्रं, रबराची जमीन, मोबाईलवर सीसीटीव्ही बघता येतो. आम्ही गेलो तेव्हा छोट्यांच्या खोलीत अकरा मुलं आणि विशी-बाविशीच्या दोन मुली, समोर टीव्हीवर गाणी लावलेली आणि मुलं खुर्च्यांत बसवलेली. त्यातल्या एका मुलीला विचारलं किती दिवस झाले इथे, म्हणाली तीन आठवडे, दुसरी तिच्याही नंतरची. त्या मुलींची चूक नाही, त्यांना पगार तो किती मिळत असणार. पण दर दोन महिन्यांनी माणूस बदललं तर बाळानं कोणाच्या मांडीवर झोपायचं? डॉक्टर सांगतात दोन वर्षांच्या आत स्क्रीन दाखवूच नका. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला अशी जागा आवडेलही, तिथे खेळायला बरंच आहे, पण सव्वा वर्षाच्या बाळाला माणूस लागतं, ओळखीच्या वासाचं.

सीसीटीव्हीवर लोकांचा फार विश्वास आहे. २०१६ मध्ये खारघरला दहा महिन्यांच्या बाळाला पाळणाघरात मारहाण केल्याची बातमी आली होती, सगळ्यांनी ते फुटेज बघितलं असेल, माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं तरी मी दोन दिवस जेवले नव्हते. तिथे कॅमेरा होता. पण आईनं बाळाच्या अंगावरची जखम बघितली, तक्रार केली, आणि मग फुटेज बघितलं गेलं. कॅमेऱ्यानं पुरावा दिला, बाळ नाही वाचवलं त्या क्षणी. कॅमेरा हवाच, मी त्याच्या विरोधात नाही, पण त्याच्याहीआधी दोन गोष्टी हव्यात, एका माणसाच्या हाताखाली मुलं किती, आणि ते माणूस तिथे किती वर्षं आहे.

आता काकूंचं लिहिते. आमच्याच सोसायटीत ए विंगला तळमजल्यावर १ बीएचके, काकूंचं वय ५८, एकोणीस वर्षं पाळणाघर चालवतात. काकांची कंपनी बंद पडली तेव्हा सुरू केलं. नऊ मुलं घेतात, दहावं घेत नाहीत, मला स्वतःला तीन महिने थांबायला लावलं होतं त्यांनी. मदतीला एक बाई. महिना साडेपाच हजार. मी मुद्दाम न सांगता एकदा दुपारी दीड वाजता गेले होते ॲडमिशनच्या आधी. दार काकूंनी बोटाने शू करत उघडलं. हॉलमध्ये गोधड्यांवर सहा पोरं झोपलेली, पंखा दोनवर, एक जागं होतं ते काकूंच्या पदराचं टोक धरून त्यांच्यामागे चालत आलं. स्वयंपाकघराच्या दाराला गुडघाभर उंच लाकडी फळी लावलेली, म्हणजे रांगणारं पोर गॅसकडे जाऊ नये. ओट्यावर डबे ओळीनं, प्रत्येकाच्या झाकणावर लाल नेलपॉलिशने मुलाचं नाव. आणि खिडकीत एक दोनशे पानी वही, दोऱ्याने पेन बांधलेलं. काकू त्यात सगळं लिहितात. आमच्या लेकीचं पहिल्या दिवसाचं पान मी फोटो काढून ठेवलंय, त्यात असं आहे, '१०.१५ रडली, कडेवर. ११.०० दूध थोडं. १२.१० मऊ भात तूप अर्धी वाटी. शी एकदा, घट्ट. १.२० झोपली, मांडीवर. आईचा फोन दोनदा.' मला ते शेवटचं वाक्य वाचून रडूच आलं, आणि काकू म्हणाल्या अगं पहिल्या दिवशी सगळ्यांचेच येतात, मी मोजते फक्त.

उणिवा आहेत, त्या पण लिहिते. काकू आजारी पडल्या की नऊ घरांना रजा टाकावी लागते, डिसेंबरमध्ये त्यांना चार दिवस ताप होता तेव्हा आमची सगळ्यांची धावपळ झाली. कागद म्हणाल तर एक साधा शॉप ॲक्टचा. लहान बाळाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं याचं रीतसर शिक्षण कोणी कधी दिलं नाही, अनुभवावर चालतं. घराला एकच दार. हे सगळं सुधारता येण्यासारखं आहे, आणि सुधारायलाच पाहिजे. पण ते सुधारायचं सोडून आमच्या सोसायटीच्या अजेंड्यावर विषय काय आलाय, तर 'निवासी सदनिकेत चालणारा व्यवसाय बंद करणेबाबत'.

तक्रारी मी वाचल्या. सकाळी गेटवर गाड्या उभ्या राहतात, पॅसेजमध्ये प्रॅम आणि चपला, रडण्याचा आवाज. पहिल्या दोन खऱ्या आहेत आणि त्या आमच्या आईबापांच्या चुका आहेत, काकूंच्या नाहीत, आम्ही नऊ जणांनी परवाच ठरवलंय की गाडी बाहेरच लावायची आणि प्रॅम पॅसेजमध्ये ठेवायची नाही. पण रडण्याचं काय? लहान मुलं रडणारच, ती आपापल्या घरी असती तरी रडली असती. ज्यांनी सही केलीय त्यातल्या दोघांची नातवंडं याच काकूंच्या हातची आहेत, आता मोठी झाली एवढंच.

मला वाटतं काकूंसारख्या बायका मोजल्याच जात नाहीत, तिथे सगळं चुकतं. डोंबिवली, कल्याण, ठाणे, वसई, पुण्यात हडपसर नाहीतर कोथरूड, प्रत्येक गल्लीत एक तरी अशी काकू आहे आणि तिच्या जिवावर नऊ घरांतली अठरा माणसं कामावर जातात. माझ्या मते महापालिकेनं यांची सोपी नोंदणी करावी, लायसन्सचा बाऊ करून नाही, एक पानाचा फॉर्म, मुलं किती, मोठी माणसं किती, पोलीस व्हेरिफिकेशन, जवळचा डॉक्टर कोण. वर्षातून एकदा दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग, फुकट. कोणीतरी येऊन बघून जावं, न सांगता, मी गेले तसं. आणि सोसायट्यांनी आपले हॉल द्यावेत. आमचा हॉल वर्षातले दहा दिवस वापरला जातो, गणपती आणि दोन-चार वाढदिवस, बाकी कुलूप. त्याला दोन दारं आहेत, बाथरूम आहे, पंखे आहेत. मुंबईत बांधकामाच्या साइटवर 'मोबाईल क्रेशेस' नावाच्या संस्थेची माणसं १९७२ पासून मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवतात, तिथे सिमेंट आणि क्रेनच्या बाजूला ते होऊ शकतं तर टाइल्स लावलेल्या आमच्या हॉलमध्ये का नाही होणार? भाडं घ्या ना, आम्ही नऊ जण वाटून देऊ, काकूंच्या जोडीला अजून एक बाई ठेवू म्हणजे काकू आजारी पडल्या तरी चालेल, आणि ताईंसारख्या कोणाचं एखादं पोर कमी पैशात घेता येईल. ताईंशी माझं बोलणं झालंय, काकूंकडे मदतीला यायला त्या तयार आहेत, धाकट्याला बरोबर घेऊन.

मीटिंग येत्या रविवारी सकाळी साडेदहाला आहे, त्याच हॉलमध्ये. ठरावाच्या विरोधात माझी आणि अजून चौदा जणांची सही झालीय, १६ लागतात. तुमचा पेपर आमच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच घरी येतो म्हणून हे पत्र त्याआधी छापलंत तर फार उपकार होतील. काकूंना अजून कोणी काही विचारलेलं नाही, त्यांनी फक्त परवा मला दारात थांबवून विचारलं, एप्रिलपासून दुसरीकडे बघून ठेवलंयस का गं पोरीसाठी, आणि वही पुढे केली, त्यात त्या दिवशी लिहिलं होतं, '४.०५ फळी धरून उभी राहिली, तीन पावलं चालली. आईला सांगायचं.'

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व
(नाव छापू नये ही विनंती, काकूंना त्रास नको.)